कट्ट्यावरून आणलेला हिटर

आमच्या जवळच्या कट्टा गावच्या बाजारात विजेच्या सामानाचं एक दुकान आहे. तिथे मी हिटर मागितला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "पाण्याचो काय?"

"पाण्याचो नाय. खोलयेचो. खोली गरम करूक."

तो हसला नाही, पण त्याच्या बाकावर चहा पीत बसलेला एकजण मोठ्याने हसला. "बाई, हयसर लोकांका पंखे पुरनत नाय, आणि तुमका हिटर होयो?"

बाहेर रिक्षात ताई बसली होती. डिसेंबर होता खरा, पण दुपारचं ऊन चटके देत होतं. रिक्षावाला घाम पुसत होता आणि ताईच्या अंगात दोन स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला कानटोपी. ओठ निळसर. दुकानदाराने मान वाकडी करून बाहेर पाहिलं. मग तो नुसतं "मागवतंय" म्हणाला, आणि बाकावरच्या माणसाने चहाचा पेला तोंडाला लावला.

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. तिने लग्न केलं नाही. आईवडिलांच्या मागे काजूची बाग आणि घर तिनेच सांभाळलं. मी लग्न होऊन गेले होते. नवरा गेल्यावर मी याच भागातल्या शाळेत बदली करून घेतली आणि तिच्याजवळ राहायला आले. तेव्हाची ताई मला नीट आठवते. एप्रिलच्या भर दुपारी तापलेल्या कातळावरून ती अनवाणी बागेत जायची. कामाला आलेल्या बायका चपला घालून "जळाक लागला गो" म्हणत उड्या मारायच्या आणि ही त्यांना हसायची. साखरेचा आजार तिला पुष्कळ वर्षांपासून होता, पण गोळी चुकली तर चुकली, असा तिचा हिशेब. शेवटी मूत्रपिंडं गेली आणि आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या गावी डायलिसिसला जाणं सुरू झालं.

ही थंडी तिथूनच सुरू झाली. मशीनवरून उतरली की ती गारठलेली असायची. रिक्षात बसल्यापासून दात वाजायचे, आणि घरी आल्यावर तासन् तास तिचा हात हातात धरला तर विहिरीतून नुकत्याच काढलेल्या कळशीचा काठ धरल्यासारखं वाटायचं. "माझा रगात भायर जाता, त्या नळयेतसून फिरता आणि थंड होवन परत येता," ती म्हणायची. "मगे थंडी आतसून वाजता. वरसून कितीय पांघरूण घाल."

आधी आम्ही आपल्याकडचा उपाय केला. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवतात हे मी लहानपणापासून पाहिलेलं. शेजारच्या वहिनींनी करवंट्यांचा कोळसा आणून दिला. लोखंडी घमेल्यात निखारे फुलवून ते मी ताईच्या खोलीत ठेवलं आणि ऊब जाऊ नये म्हणून दार-खिडकी लावून घेतली. पहिल्या दिवशी ती खूश होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नवे निखारे ठेवले आणि थोड्या वेळाने मी पेज घेऊन आत गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि काहीतरी बागेबद्दल बोलत होती. वडिलांना हाका मारत होती. वडील जाऊन किती काळ लोटला होता. मला आधी वाटलं साखर उतरली. मी तिच्या तोंडात साखर घालायला वाकले आणि माझंच डोकं गरगरलं. तेव्हा कळलं. खिडकी उघडली, दार उघडलं, वहिनींना हाक मारली, आणि दोघींनी मिळून ताईला दारापुढच्या खळ्यात ओढत आणलं. मोकळ्या हवेत ती उलटी करून पडून राहिली. मग हळूहळू तिने विचारलं, "माका भायर कित्याक हाडलास?"

डॉक्टर रागावले. "बंद खोलीत निखारे? त्याच्या वायूला वासही नसतो, कळत नाही माणसाला. झोपल्या असत्या तर उठल्या नसत्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "गरम ठेवायचंच असेल तर विजेचा हिटर घ्या."

म्हणून कट्ट्याचं ते दुकान.

हिटर आला तो दोन दांड्यांचा. पुढे जाळी, आत दांड्या लालभडक व्हायच्या. पहिल्या संध्याकाळी आम्ही तो पुढल्या खोलीत लावला, कारण ताईला माणसांत बसायचं होतं. आमचं घर मंगलोरी कौलांचं. उन्हाळ्यात वारा खेळावा म्हणून बांधलेलं. हिटरची ऊब सरळ वर गेली. वहिनी येऊन बसल्या होत्या, त्या वर बघून म्हणाल्या, "कौलां तापतत तुमची." ताईच्या गुडघ्यांपुरतं गरम, पाठ तशीच थंड. मग मी देवघराशेजारची लहान खोली रिकामी केली. तिला वर लाकडी माळा आहे, त्यामुळे ऊब अडते. दाराला जुनी वाकळ टांगली, दाराखालच्या फटीत गोणपाटाची गुंडाळी सारली. निखाऱ्यांच्या अनुभवानंतर खिडकी मात्र पूर्ण लावायचा धीर मला होईना. विजेच्या हिटरला धूर नसतो हे ठाऊक असूनही बोटभर फट ठेवायचे. त्या लहान खोलीत थोड्याच वेळात ऊब धरायची आणि हिटर बंद केला तरी बराच वेळ टिकायची.

दुसरी अडचण वायरिंगची. खोलीत साधा प्लग होता, हिटरची जाड पिन त्यात बसेना, म्हणून मी पुढल्या खोलीतला एक्स्टेंशन बोर्ड आणून लावला. दिव्यांचा उजेड एकदम मंदावला. काही वेळाने बोर्डावर हात ठेवला तर तो चांगलाच तापलेला, आणि प्लास्टिकचा उग्र वास. लगेच काढला. वायरमन आला, त्याने बोर्ड उलटा करून बघितला आणि म्हणाला, "ह्याच्यार फोन चार्ज करूचो." मग मीटरपासून जाड वायर ओढून हिटरसाठी वेगळा पॉइंट करून दिला.

मी शिक्षिका. एवढं झाल्यावर मी ताईला नियम सांगितले. हिटर चटईवर ठेवायचा नाही, जमिनीवर ठेवायचा. खुर्ची त्याच्यापासून दोन-तीन हात लांब. त्याच्यावर काही वाळत घालायचं नाही. खोलीतून उठताना बंद करायचा. डुलकी येतेय असं वाटलं तरी बंद करायचा. ती मान खाली घालून ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "तू शाळेत पोरांका शिकव. माका नको."

तिच्या बोलण्यात आणखीही काही होतं, ते मला तेव्हा ऐकू आलं. ज्या बाईने घर चालवलं, मजुरांच्या भांडणात मध्ये पडली, काजूच्या व्यापाऱ्यांना दारातून परत पाठवलं, तिला आता एका बटणाबद्दल कोणीतरी नियम सांगत होतं. एकदा तिने ओले पायमोजे हिटरच्या जाळीवर टाकले. मी ते ओढून काढले तेव्हा आवाज चढला माझा. तीही उसळली. "माझी थंडी तुका कळूची नाय!" मी म्हटलं, आग लागल्यावर दोघींनाही कळेल.

शाळेत माझं चित्त राहीना. फळ्यावर लिहिताना मध्येच थांबायचे. डायलिसिस नसलेल्या दिवशी ती घरी एकटी. वहिनी मधूनमधून डोकावायच्या, पण त्यांनाही त्यांचं घर. मी मधल्या सुट्टीत फोन करायचे आणि पहिला प्रश्न तब्येतीचा नसायचा. "बंद केलंस काय?" ती म्हणायची, "केलंय." खरं की खोटं, कोण सांगणार.

एक दिवस फोन मी करण्याआधी वहिनींचाच आला. "बाई, वायच घराक येवा. घाबरा नको. पण येवा."

एका सहकारी बाईंनी मला स्कूटरवरून घरी सोडलं. दाराशीच वास आला. केस जळल्यासारखा. ताई खुर्चीत बसली होती, मांडीवर निवडायला घेतलेले तांदूळ सुपात तसेच. हिटर बंद होता. वहिनी तिच्या पायाशी बसून ओल्या फडक्याने काहीतरी करत होत्या. त्यांनी फडकं उचललं आणि मी पाहिलं. उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला नायलॉनचा पायमोजा वितळून कातडीला चिकटला होता. करंगळीपाशी फोड, आणि त्याच्या कडेला पांढरट झालेली कातडी.

वहिनींनी सांगितलं की त्या कुळथाची पिठी घेऊन आल्या तेव्हा ताई आरामात तांदूळ निवडत होती, खुर्ची पुढे ओढलेली, पाय जाळीला जवळजवळ टेकलेला. आणि वहिनींना बघून तिनेच विचारलं होतं, "वास कसलो गो येता? तुमचा कायतरी करपला काय?"

ताईने मान वाकवून स्वतःच्या पायाकडे पाहिलं. दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखं. "माका दुखलाच नाय," ती मला म्हणाली. "म्हायतच नाय माका."

गेले काही महिने तिच्या पायातली चप्पल वाटेत कुठेतरी राहायची आणि तिला घरी आल्यावर दिसायचं. आम्ही त्यावर हसायचो. डॉक्टरांनी पट्टी बांधताना समजावलं की साखरेने पायाच्या नसा मेल्या आहेत. थंड-गरम, टोचलेलं-भाजलेलं, काही वर पोचत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले की अशा माणसाने गरम काही असलं तर हाताच्या कोपराने आधी बघायचं, पायावर विश्वास ठेवायचा नाही. गरम पाण्याची पिशवीसुद्धा पायाला लावायची नाही. मी सगळं ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आतून गारठलेल्या या बाईला ऊब हवी आहे, आणि ऊब कुठे संपते आणि जळणं कुठे सुरू होतं हे तिच्या शरीराला कळत नाही.

जखम भरेना. आधी रोज पट्टी, मग करंगळी काळी पडली. डॉक्टर म्हणाले, पाय वाचवायचा तर बोट काढावं लागेल. काढलं. शुद्धीवर आल्यावर ताई मला म्हणाली, "एका बोटाची थंडी कमी झाली." मी हसले नाही. ती स्वतःच थोडं हसली आणि तोंड भिंतीकडे केलं.

नातेवाइकांचे फोन आले. मुंबईच्या चुलतभावाने विचारलं, तुमच्याकडे कसली एवढी थंडी पडते की हिटर लागतो? आजारी माणसाजवळ असली वस्तू ठेवायचीच कशाला? मी फोन ठेवला. इस्पितळातून घरी आल्यावर मी तो हिटर पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

ताईने खुर्ची बाहेर काढायला लावली. ती उन्हामागे फिरू लागली. सकाळी खळ्यात, मग घराच्या बगलेला, मग मागीलदारी माडाच्या सावल्यांमधल्या उन्हात. वहिनी तिची खुर्ची उचलून देत. पाय पट्टीत, अंगावर शाल, आणि ऊन सरकलं की तीही सरकायची. डायलिसिसच्या दिवशी मात्र घरी येईपर्यंत संध्याकाळ झालेली असायची आणि ऊन नसायचं.

जानेवारीत एकदा आभाळ भरून आलं. आंबेवाले मोहोराच्या काळजीने हवालदिल झाले होते. त्या दिवशी ती डायलिसिसहून आली ती बोलू शकत नव्हती इतकी कापत होती. मी घरातली होती नव्हती ती पांघरुणं तिच्यावर घातली. तरी थांबेना. शेवटी मी तिच्या मागे आडवी झाले आणि तिला घट्ट धरलं. लहानपणी ती मला अशी घेऊन झोपायची. तिची पाठ चालू ठेवलेल्या रिक्षासारखी थरथरत होती. बरगड्या हाताला लागत होत्या.

"काढ तो खालती," ती म्हणाली.

"नाय."

"काढ गो."

"नाय म्हटलंय ना. पाय गेलो असतो तुझो."

"पाय माझो आसा. तुझो नाय."

"पाय तुझो. पट्टी कोण बांधता?"

असं बोलायला नको होतं, पण बोलले. मग तिच्या पाठीची थरथर वेगळी वाटायला लागली आणि मला कळलं की ती रडते आहे. आई गेली, वडील गेले, वादळात बागेतली निम्मी झाडं पडली, तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी उठून माळ्याकडे गेले, शिडी लावली, आणि शिडीवर तशीच उभी राहिले. तो हिटर मला पुन्हा लावायचा नव्हता आणि तिला तसंच ठेवायचंही नव्हतं. शेवटी मी तो खाली आणला, दाराच्या बाजूला ठेवला आणि स्वतः त्याच्या आणि तिच्या मधे बसले. तिचं कापणं थांबेपर्यंत उठले नाही. माझी पाठ भाजून निघाली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कट्ट्यावर गेले. ताईच्या पायाचं दुकानदाराला कळलं होतं. गावात सगळ्यांना कळतं. त्याने यावेळी तेलाचा, म्हणजे आतलं बंद तेल विजेवर तापणारा हिटर मागवून दिला. पन्हळींसारखे पत्रे एकापुढे एक उभे केलेला, चाकांचा. "ह्यो लाल होना नाय," तो म्हणाला. "आडवो पडलो तर आपोआप बंद. खोली तापली काय थांबता, निवली काय परत चालू. पण बाई, हात लावलात तर ह्यो पण भाजता. तां इसरा नको."

मी विसरणं शक्य नव्हतं. हिटर भिंतीशी ठेवला, चाकं अडकवून. ताईची खुर्ची समोरच्या भिंतीला खिडकीजवळ. आणि खुर्चीचा मागचा पाय मी दोरीने खिडकीच्या गजाला बांधला, म्हणजे खुर्ची पुढे ओढता येणार नाही. ती हवं तेव्हा उठू शकत होती, चालू शकत होती. फक्त खुर्ची सरकणार नव्हती.

ताई दारात उभी राहून बघत होती. "गोरवाक बांधतत तसा?"

मी गाठ मारत राहिले.

ती काठी टेकत आली, माझ्या हातातून दोरी घेतली. "ह्या गाठीन काय गोरू ऱ्हवता? पयल्या हिसक्यात सुटात." आणि खाली बसता येत नव्हतं म्हणून खुर्चीतच वाकून, गोठ्यात जनावरं होती तेव्हा ती मारायची तशी गाठ तिने मारली. दोन्ही बाजूंनी ओढून बघितली. मग म्हणाली, "आता लाव."

तेव्हापासून आमचं असं चाललं आहे. डायलिसिसच्या दिवशी रिक्षा निघाली की मी वहिनींना फोन करते. त्या येऊन हिटर लावतात, वाकळ सोडतात. ताई घरात येते तेव्हा खोली आधीच उबदार असते आणि मग बटण कमीवर ठेवलं तरी भागतं. बसायच्या आधी ती पायमोजे काढते आणि मी दोन्ही पाय उलटेसुलटे करून बघते. इतर दिवशी वहिनी खोलीत बसल्या तरच हिटर चालू. त्या नसतील तेव्हा प्लग काढून ठेवायचा आणि ताईने उन्हात बसायचं. हे ताईने मान्य केलं, पण मनापासून नाही. तिच्या डोळ्यांत ते दिसतं. मी घरी आले की ती आधी खुर्चीकडे बोट करते. "बघ, बांधलेलीच आसा."

जखम शिमग्याच्या सुमाराला भरली. थंडीचे दिवसही संपले. मला वाटलं होतं की उन्हाळ्यात तरी हिटर लागणार नाही.

आता मे चालू आहे. डायलिसिस आठवड्यातून तीनदा झालं आहे, तेही सकाळच्या पाळीत. डॉक्टर हृदय थकल्याचं सांगतात. काल दुपारी ती परत आली तेव्हा अंगणात उभं राहवत नव्हतं इतका उकाडा होता. बागेतले आंबे पुढल्या खोलीत गवतात पिकत घातलेले, त्यांचा वास घरभर. तिला ते खायची मनाई आहे. वहिनींनी हिटर लावून ठेवला होता. ताई आत जाऊन खुर्चीत बसली, शाल ओढून घेतली. मीही तिच्याजवळ बसले. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता.

"तू भायर बस," ती म्हणाली. "तुका उकाडता."

"बसतंय हयसरच."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "वायच वाढवशीत?"

मी उठले, बटण फिरवलं. तिला हवं होतं त्यापेक्षा थोडं कमीच फिरवलं. तिने ते पाहिलं. आणि डोळे मिटून घेतले. मी तिच्या पायांवरची शाल सारखी केली आणि पुन्हा खाली बसले.